मधाच्या पेट्या वाहायला गाडी: पेट्रोल जिम्नी घ्यावी की डिझेल हायलक्स?

मधुकोष

नमस्कार मंडळी. मी मधमाश्या पाळते. मेलिफेरा (युरोपीय) जातीच्या वसाहती आहेत, आणि फुलोरा सरकेल तशा पेट्या हलवाव्या लागतात. आजवर भाड्याच्या टेम्पोवर भागवलं. पण माश्या घरी परततात अंधार पडल्यावर, म्हणजे पेट्या भरायच्या रात्रीच. त्या वेळी चालक मिळत नाही, आणि मिळाला तर शेवटच्या कच्च्या वाटेला गाडी घालत नाही. तिथून पुढे पेट्या हातांवर. मध भरलेली पेटी सहज तीस-पस्तीस किलोची होते, आणि ती आडवी करायची सोय नसते. हे आता थांबवायचं आहे.

वाट अशी आहे: आधी चांगला डांबरी रस्ता, मग शेताच्या बांधाकडेची चिखलाची पट्टी, एक ओढा आणि ओढ्यापलीकडे झाडीतून चढणारी अरुंद वाट. तिथे दोन वळणं फार आवळ आहेत. चढाच्या डोक्यावर मातीचा उंचवटा आहे, त्यावर टेम्पो पोटावर बसतो.

हंगामात एका खेपेला दहा-बारा पेट्या न्याव्या लागतील. एरवी मात्र रोज जवळच्या वसाहती बघायला जाणं-येणं, एका बाजूला जेमतेम सहा-सात किलोमीटर. सोबत धुराडं, माश्यांना द्यायच्या साखरपाकाचे कॅन, पोळं बांधायच्या रिकाम्या चौकटी.

सुझुकीची छोटी जिम्नी चालवून पाहिली आणि मनापासून आवडली. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचा हौदा बघितला की वाटतं, काम तर हीच करणार. लोक सांगतात, डिझेलला स्पार्क प्लग नसतो म्हणून ओढ्यात डिझेलच बरं, आणि चढाला ताकदही डिझेलचीच. हे कितपत खरं? आणि जिम्नीच्या मागच्या सीट काढून पेट्या आत ठेवता येतील का?

रानवाट

ताई, तुम्ही वाटेचं जे वर्णन केलंत, ते वाचून मी डोळे मिटून जिम्नी म्हणेन. माझ्याकडे पाच दारांचीच आहे. वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे जिथे जड गाडी चिखलात रुतत जाते तिथे ही वरून निघून जाते. तुमच्या उंचवट्यासाठी महत्त्वाचं म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. जिम्नीचं 2590 मिलिमीटर, हायलक्सचं 3085. तेवढं अंतर वाढलं की पोट टेकणारच. शिवाय हायलक्सची लांबी सव्वापाच मीटरच्या वर आहे. तुमच्या त्या दोन वळणांवर तिला पुढे-मागे करत बसावं लागेल, तेही रात्री, मागे माश्या असताना.

पेट्यांसाठी हलका ट्रेलर जोडा. काम नसेल तेव्हा सोडून ठेवायचा.

पाटे_आणि_शाफ्ट

मी गाड्या दुरुस्त करतो, दोन्ही प्रकारच्या. ताई, तुम्ही प्रश्न इंजिनापासून सुरू केलात. मी वजनापासून सुरू करतो, कारण तुमची निवड तिथेच होते.

बारा पेट्या धरल्या तर चारशे किलोच्या आसपास माल झाला. त्यात तुम्ही, एक मदतनीस, दोऱ्या आणि पाणी. जिम्नीचं एकूण मान्य वजन आणि रिकामं वजन यांतला फरक साधारण साडेतीनशे किलो आहे, आणि त्यात माणसंही मोजायची असतात. म्हणजे सीट काढून जागा केलीत तरी वजन बसत नाही. स्प्रिंग खाली दबल्या की जमिनीपासूनची उंची गेली, आणि ज्या उंचवट्यासाठी जिम्नी घेतली तिथेच ती टेकेल.

हायलक्स घेतानाही डोळे उघडे ठेवा. लोक सरसकट एक टन म्हणतात. बऱ्याच आवृत्त्यांत ते खरं आहे, पण आरामासाठी बनवलेल्या काही आवृत्त्यांत मान्य भार त्याच्या निम्म्याइतकाच असतो. गाडीवरची वजनाची पाटी वाचा, एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा, मग ठरवा.

आता इंजिन. ताकद डिझेलची जास्त हे खरं: हायलक्सचं 2.8 लिटरचं इंजिन ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर देतं, जिम्नीचं दीड लिटरचं 134. पण जिम्नीला ओढायचं वजनही निम्म्याजवळ आहे. शिवाय दोघींना फोर-लो आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर. जिम्नीत त्याने टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, दुप्पट होतो, हायलक्समध्ये अडीचपटीहून थोडा जास्त. तुमच्या चढावर रिकामी जिम्नी अडणार नाही. भरलेली मात्र पहिल्या गिअरमध्ये घुसमटेल, आणि वाट जर खूप उंचावर असेल तर आणखी. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन विरळ हवेत दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. टर्बो ही घट बरीचशी भरून काढतो.

ओढ्याबद्दल तुम्हाला जे सांगितलंय ते अर्धवट आहे, आणि धोक्याचं आहे. स्पार्क प्लग नसतो हे बरोबर. पण इंजिन हवा जिथून ओढतं तिथून पाणी आत गेलं तर पेट्रोल काय आणि डिझेल काय, दोन्ही संपतात. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाब जास्त असतो, त्यामुळे मोडतोडही मोठी. हायलक्सची 700 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता जाहीर आहे, पण ती संथ पाण्यात, हळू चालवताना. पाणी वाहतं असेल तर आधी पायी उतरून काठीने खोली बघा. काठी घोट्याच्या बरीच वर भिजली आणि पायांना ओढ जाणवली, तर त्या रात्री पेट्या तिथेच राहू द्या.

तुमच्या बाबतीत डिझेलचा खरा तोटा आहे रोजचे सहा-सात किलोमीटर. आजच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला धूर 600 अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि त्याला सलग, वेगातलं चालवणं लागतं. इंजिन गरम होण्याआधीच तुम्ही पोचणार, गाडी बंद करणार. काजळी जळणं अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी चढते, आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. हायलक्सच घेतलीत तर आठवड्यातून एकदा तिला मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग पळवा, आणि ऑइलची काडी बघायची सवय ठेवा. काही आवृत्त्यांत काजळी जाळायचं बटण असतं. ते आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

आणखी एक. रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात, ओल्या चढावर जागच्या जागी फिरतात. मागचा डिफ लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असलेलीच आवृत्ती घ्या, आणि साखरपाकाचे कॅन मागच्या चाकांच्या आसाच्या बरोबर वर बांधा. कोरड्या डांबरावर मात्र फोर-व्हील लावू नका. दोन्ही गाड्यांत पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र जखडला जातो, आणि वळणावर सगळा ताण गिअरवर येतो.

पोळंवाला

मीही माश्या पाळतो, म्हणून गाडीपेक्षा माश्यांच्या बाजूने सांगतो. बंद केबिनमध्ये भरलेल्या पेट्या ठेवू नका, कितीही कमी असल्या तरी. दार बंद केलेल्या पेटीला वारा लागतो तो वरच्या आणि समोरच्या जाळीतून. केबिनमध्ये तो मिळत नाही, पेटी तापते, मेण मऊ पडतं, आणि वसाहत गुदमरून मरते. आणि एखादी पेटी फटीतून गळली तर चालवणाऱ्याच्या चेहऱ्याभोवती माश्या, समोर अंधारी वाट. हे मी कुणावरही येऊ देणार नाही.

ट्रेलरलाही माझा नकार. कच्च्या वाटेवर हलका ट्रेलर गाडीपेक्षा कितीतरी जास्त उसळतो, चौकटी आपटतात, राणी चिरडते. आणि त्या वळणांवर रात्री ट्रेलर मागे घेणं फार अवघड.

रानवाट

माश्या आत गुदमरतील हा विचार माझ्या बाजूने झाला नव्हता. ते बघता ट्रेलरवरचा माझा हट्ट सोडतो. पण त्या उंचवट्याचं काय?

मधुकोष

सगळ्यांचे मनापासून आभार. केबिनचा विषय माझ्यासाठी संपला. माझ्या माश्या मी तशा नेणार नाही.

उंचवट्याबद्दल: जमीन ज्यांची आहे त्यांच्याशी आज बोलले. माती खणून चढ लांब आणि उतरता करायला त्यांची हरकत नाही, फावड्याचं एका दिवसाचं काम आहे. वळणांपैकी वरच्या वळणावर एक वाळकं झुडूप काढलं तर गाडीला हात-दीड हात जागा मिळते. म्हणजे हायलक्स नेता येईल. रोजच्या जवळच्या फेऱ्यांना माझी जुनी स्कूटर आहेच, कॅन एकावेळी एक नेईन. डिझेलला मग फक्त लांबच्या खेपा.

दादा, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) रिकाम्या गाडीला कडक असतात असं ऐकते. पेट्या भरल्यावर हादरे कमी होतील ना? आणि हौद्यावर टोप बसवू की उघडाच ठेवू?

पाटे_आणि_शाफ्ट

स्कूटरचा विचार उत्तम, डीपीएफचा प्रश्न त्यानेच सुटतो. पाटे भार पडला की बसतात, चारशे किलोवर गाडी रिकामीपेक्षा नक्की मऊ चालेल. कच्च्या वाटेवर टायरची हवा थोडी कमी करा, हादरे आणखी उतरतात. डांबरावर यायच्या आधी परत भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.

पोळंवाला

टोप नको, जाळी टाका. बारीक विणीची, चारही बाजूंनी हौद्याच्या कड्यांना ओढून बांधलेली. पेट्या अशा लावा की आतल्या चौकटी गाडीच्या लांबीला समांतर राहतील, म्हणजे ब्रेक मारल्यावर एकमेकींवर आदळत नाहीत. पट्टे दोन ठेवा, एक आडवा आणि एक उभा. आणि ओढ्याच्या अलीकडे थांबून एकदा पट्टे पुन्हा ओढा, पहिल्या काही किलोमीटरमध्ये ते हमखास सैल होतात.