बिनव्याजी पतसंस्थेत मुराबहा कसा बसवावा? मदत हवी आहे

नमस्कार. परभणीजवळच्या आमच्या गावातले आम्ही काही जण, ज्यांत हिंदू-मुस्लिम दोघेही आहेत, बिनव्याजी पतसंस्था काढण्याच्या विचारात आहोत. कारण पेरणीच्या तोंडावर सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिन्याने उचललेले पैसे कापूस विकूनही फिटत नाहीत. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. म्हणून आम्ही सहकाराची वाट धरली आहे.

कर्जे हसना, म्हणजे दिले तेवढेच मुद्दल परत घेणे, हे सर्वांना पटले. अडचण मुराबहाची, म्हणजे वस्तू आधी स्वतः विकत घेऊन ती ठरलेला नफा धरून सभासदाला विकण्याच्या इस्लामी पद्धतीची आहे. समजा, संस्थेने ९,००० रुपयांचे शिलाई मशीन स्वतः विकत घेऊन, नफा आधीच सांगून, सभासद बाईंना ९,९०० रुपयांना दहा हप्त्यांत दिले, तर लेखापरीक्षक ते ९०० रुपये व्याज धरतील की विक्रीचा नफा, आणि जीएसटीचा हिशेब कसा ठेवावा? हप्ता थकल्याचा दंड संस्थेला उत्पन्न म्हणून न घेता दानधर्माकडे वळवायचा असतो. तो कोणत्या खात्यावर दाखवतात? (आमच्या सचिवांनी तूर्त 'किरकोळ' लिहिले आहे, ते मला पटत नाही.)

अशा संस्थेचे उपविधी कोणी मंजूर करून घेतले असल्यास कृपया नमुना द्यावा.