शब्दचर्चा: ‘भीडस्तपणा’ म्हणजे नक्की काय, आणि मग ‘निर्भीड’चं काय करायचं?

प्रश्न (इंदूर)

सर्वांना सलाम. इथे आमची रविवारची उपासना हिंदीत होते, पण काही मराठी ख्रिस्ती घरं शनिवारी संध्याकाळी मराठी पवित्र शास्त्र घेऊन एकत्र बसतो. सध्या विषय बाप्तिस्म्याचा आहे. तान्ह्या बाळाला द्यावा, की समजत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर, तोही पाण्यात बुडवून? दोन्ही बाजूंचे लोक अभ्यासू आहेत, जीव तोडून बोलतात, आणि आवाज चढतात. गेल्या बैठकीत कुणीतरी पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ हे वचन वाचून दाखवलं. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या. शेजारच्या हिंदी प्रतीत त्याच जागी ‘नम्रता और भय के साथ’ होतं.

एकाच मूळ शब्दाला मराठीत ‘भीडस्तपणा’ आणि हिंदीत ‘भय’ कसं? आमच्या मुलांना तर ‘भीड’ म्हटलं की राजवाड्यासमोरची गर्दीच आठवते. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. मराठीत भीडस्त म्हणजे चारचौघांत तोंड न उघडणारा. कौतुक होतं ते निर्भीड माणसाचं. मग विश्वासाच्या बाबतीत बोलताना भीडस्त व्हायचं म्हणजे गप्प बसायचं का?

उत्तर (वडोदरा)

मूळ ग्रीक शब्द ‘फोबॉस’ आहे. त्यात भीती आहे, धाक आहे आणि आदरही आहे. याच पत्रात २:१७ मध्ये देवाचं भय धरा असं म्हटलंय, तिथेही याच शब्दाचं क्रियापद येतं. ३:१५ मध्ये मात्र हे भय कुणाचं, ते सांगितलेलं नाही. देवाचं म्हणावं तरी बसतं, समोर प्रश्न विचारणाऱ्याचा आदर म्हणावा तरी बसतं. हिंदीवाले शब्दाला धरून राहिले. मराठीत समोरच्या माणसाकडे पाहून शब्द निवडलेला दिसतो, आणि मला ती निवड फार आवडते.

कारण भीड म्हणजे नुसता लाजाळूपणा नव्हे. जुन्या माणसांची बोली आठवा. ‘तुमच्या भिडेखातर आलो.’ ‘त्यांची मला भीड पडते.’ ‘मामांची भीड घालून काम करून घेतलं.’ या प्रत्येक वाक्यात भीड बोलणाऱ्याच्या स्वभावात नाही, दुसऱ्या माणसाच्या वजनात आहे. त्याचं माझ्यावर काहीतरी चालतं, म्हणून मी वाटेल तसं वागू शकत नाही. ‘भीड चेपली’ म्हणतो तेव्हा हे वजन गेलेलं असतं. माझ्या मते पत्रातला भीडस्तपणा हा आहे: उत्तर द्यायचंच, पण ज्याला देतोय त्याचं वजन विसरायचं नाही.

उत्तर (ग्वाल्हेर)

हे मला पटत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हणसुद्धा आपलीच आहे. आपल्या घरांत आणि मंडळ्यांत भिडेपोटी किती गोष्टी गिळल्या जातात! पाळकांची भीड, वडीलधाऱ्यांची भीड, देणगी देणाऱ्याची भीड. शिकवण चुकतेय असं दिसत असूनही लोक खाली मान घालून बसतात, आणि त्याला आपण सभ्यता म्हणतो.

पंडिता रमाबाईंनी अशी भीड धरली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींच्या (सिस्टर्सच्या) आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीच त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्यांचा वाद झाला. परका देश, आधार त्यांचाच, तरी बाई मागे हटल्या नाहीत. पौलानेही अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती २:११). म्हणून या जागी मला ‘सौजन्य’ किंवा सरळ ‘आदर’ बरा वाटतो. भीडस्तपणा नको.

उत्तर (वडोदरा)

गिळून टाकण्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तुमचे दोन्ही दाखले माझ्याच बाजूने बोलतात. रमाबाईंनी मत सोडलं नाही आणि पत्रव्यवहारही तोडला नाही. ज्यांच्याशी सर्वांत जास्त वाद झाला त्या सिस्टर जेराल्डिन यांनीच ती पत्रं जपली, संकलित केली, आणि १९७७ मध्ये ती छापून आली. पौल जे बोलला ते पेत्राच्या तोंडावर बोलला, त्याच्या पाठीमागे कुजबुजला नाही. मत्तय १८:१५ मध्येही भावाचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांगायचा आहे, मग एक-दोघांना घेऊन, आणि मंडळीपुढे सर्वांत शेवटी. आपण नेमका उलटा क्रम धरतो. निर्भीडपणा असतो मुद्द्याबाबत आणि भीड असते माणसाची. एकाच वाक्यात दोन्ही मावतात.

‘सौजन्य’ला माझी हरकत आहे. तो काउंटरवरचा शब्द झालाय, ‘सौजन्याने वागा’ असं पाटीवर लिहितात. सौजन्य राखूनही माणसाला पुरतं जखमी करता येतं. आपल्या वादांतली वाक्यं ऐका. ‘बंधू, आपण वचन नीट वाचलेलं दिसत नाही.’ ‘ताई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करेन.’ शब्द एकही वावगा नाही, बंधू आहे, आपण आहे, प्रार्थनाही आहे. पण ती प्रार्थना बोलणं बंद करायला वापरलीय, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. ‘नामधारी ख्रिस्ती’ हा तर मला सर्वांत क्रूर शब्द वाटतो. मुद्दा बाप्तिस्म्याचा असतो आणि या दोन शब्दांत समोरच्याचा विश्वासच काढून घेतला जातो. मत्तय ५:२२ मध्ये भावाला ‘वेडगळ’ आणि ‘मूर्ख’ म्हणण्याबद्दल जो कडक इशारा आहे, तो मी याही शब्दाला लावतो.

उत्तर (इंदूर, दुसरे वाचक)

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात, खाण्यापिण्याच्या वादाबद्दल बोलताना, या चर्चेला उपयोगी अशी दोन क्रियापदं आहेत. सर्व काही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला ‘तुच्छ मानू’ नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला ‘दोष लावू’ नये. दोन्ही बाजूंना एकच उपदेश केलेला नाही, कारण दोघांचा मोह वेगळा आहे. मोकळ्या मताचा माणूस दुसऱ्याला अडाणी समजतो, कडक मताचा दुसऱ्याला पापी ठरवतो. तुमच्या शनिवारच्या बैठकीत कोण काय करतंय ते यावरून लगेच ओळखता येईल.

आणि बाप्तिस्म्याचा विषय निघालाच आहे तर, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, फक्त समजत्या वयात देणारे बाप्टिस्टही होते. बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती त्यांनी मान्य ठेवल्या. एका बाजूने दुसरीला हरवलं नाही, तरी एक मंडळी झाली. त्याआधी वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या होत्या. आवाज तिथेही चढले असतीलच.

प्रश्नकर्ती (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. भीड दुसऱ्याच्या वजनात असते, हे मला पूर्ण पटलं. ग्वाल्हेरचा आक्षेपही मी सोडणार नाही, कारण आमच्याकडे बायका आणि तरुण मुलं भिडेमुळेच बोलत नाहीत, आणि तो भीडस्तपणा पेत्राला अभिप्रेत नसणार. ज्याचं वजन आधीच जास्त आहे, त्याने भीड जास्त धरायची, असं मी पुढच्या शनिवारी मांडणार आहे. आमच्यातले ज्येष्ठ रागावतील, पण त्यांच्यासमोरच बोलेन.

वाचनाच्या कागदावर ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ हेच ठेवते आणि खाली मुलांसाठी ‘समोरच्याचा मान राखून’ असं लिहिते. आता एक उपप्रश्न: ‘भीडमुर्वत’मधली मुर्वत आणि इंदूरच्या हिंदीतली मुरव्वत यांच्या अर्थात काही फरक पडतो का? आमच्या आजी ‘त्याला कसलीच भीडमुर्वत नाही’ म्हणायच्या तेव्हा तो दोषच असायचा. तुमच्याकडे हा शब्द अजून बोलण्यात आहे का?

उत्तर (ग्वाल्हेर)

आहे. आमच्याकडे ‘मुरव्वत’ म्हणजे डोळ्यांतली लाज, आणि एखाद्याने ओळख असून तोंड फिरवलं की ‘बेमुरव्वत’ म्हणतात. मराठी मुर्वतीत त्याशिवाय पर्वा करणं, हा अर्थही येतो: ‘कुणाची मुर्वत न ठेवता बोलला.’ आणि हो, वजन जास्त असलेल्याने भीड जास्त धरायची असेल, तर ‘भीडस्तपणा’वरची माझी हरकत मी मागे घेतो.