परदेशात बिऱ्हाड मांडल्यावर कशाकशाचं नवल वाटलं?

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. लग्नानंतर जर्मनीत श्टुटगार्टला आले. पहिल्याच रविवारी घरातलं मीठ संपलं. पिशवी घेऊन निघाले, तर एकूण एक दुकान बंद! इथं रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदाच आहे. स्टेशनातली, पेट्रोल पंपावरची काय ती उघडी. आपल्याकडे इंदूरला सराफ दुकानं बंद करतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे रात्री भुट्ट्याचा कीस नि गराडू (तळलेला कंद) यांच्या गाड्या सुरू होतात. शेजारणीकडे वाटीभर मीठ मागावं म्हणून दारापर्यंत गेले, पण बेल दाबायला हात होईना. न कळवता कुणी कुणाकडे जात नाही, एवढं तोवर कळलं होतं. त्या दिवशी वरण अळणीच खाल्लं. आता शनिवारीच सगळं भरून ठेवते. तुम्हीही लिहा, अगदी रोजच्यातलंच.

नागोया, जपान
कचरा! ओला-सुका वेगळा करायची सवय आम्हाला घरचीच. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन खाली पळायचं. 2017 साली इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, तेव्हा आमच्या गल्लीत केवढा आनंद झाला होता. त्यामुळे इथं काही अडणार नाही असं वाटलं. पण पहिल्याच आठवड्यात माझी पिशवी जागेवरच राहिली, वर एक चिठ्ठी चिकटवलेली. मला ती वाचता येईना. समोरच्या आजी बाहेर आल्या. काही न बोलता त्यांनी माझ्या पिशवीतली बाटली काढली, झाकण फिरवून वेगळं केलं आणि लेबलावरच्या बारीक टिंबांच्या रेघेवर नख ठेवून ते अलगद सोललं. मग दुसरी बाटली माझ्या हातात दिली. रस्त्यात मात्र कचराकुंडी शोधून सापडत नाही. चॉकलेटचा कागदसुद्धा खिशातून घरी येतो.

उट्रेख्ट, नेदरलँड्स
मैत्रिणीच्या वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण तिचं तर अभिनंदन करीच, शिवाय तिच्या नवऱ्याचं, आईचं, सासऱ्यांचंही! फार गोड वाटलं मला.

टोरांटो, कॅनडा
ऑन्टारियोत दूध पिशवीतून मिळतं. चार लिटरचा पुडा, आत तीन पिशव्या. एक पिशवी जगमध्ये बसवायची आणि कोपरा कातरायचा. घरी सांची दुधाची पिशवी आई अशीच कातरायची. दुकानात ती पिशवी हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते.

सुदामा नगर, इंदूर
आम्ही दोघं इथंच, मुलगा जर्मनीत. तिकडे तीन महिने राहिलो. शेजारच्या काकांचा वाढदिवस नेमका आमच्या परतीच्या दिवशी, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. आधी दिलेल्या शुभेच्छा तिकडे अपशकुनी मानतात, हे मुलानं नंतर सांगितलं. रात्रभर मला चुटपुट लागली. सकाळी फ्रँकफर्टच्या विमानतळावरून मुलाकडून नंबर घेतला, फोन लावला आणि पुन्हा शुभेच्छा दिल्या.