वाचनगटासाठी कादंबरी कशी वाचता? तुमचे अनुभव लिहा

आमचा वाचनगट नागपुरात धंतोलीत महिन्यातून एकदा जमतो, दहा-बारा जण. मागच्या वेळी 'छान आहे', 'भाषा ओघवती आहे' एवढं बोलून झालं आणि पाऊण तासात गप्पा मुलांच्या नोकऱ्यांवर गेल्या. घरी जाताना फार खट्टू झाले. आता उद्धव शेळके यांची 'धग' घेतोय. १९६० सालची, आपल्या वऱ्हाडातली. ती अशी वाया जाऊ द्यायची नाही. बैठकीआधी तुम्ही घरी नेमकं काय करता? सल्ला नको, स्वतः केलेलं लिहा.

निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

मी दोनदा वाचते. पहिल्यांदा पेन्सिल हातात घेत नाही, खुणा करत बसलं की गोष्ट निसटते. दुसऱ्या वाचनात मागच्या कोऱ्या पानावर पान क्रमांक आणि पुढे दोन शब्द, बस. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) घेतली तेव्हा मी बोटीवरचे दिवस मोजत गेले, कुठला प्रसंग कधी घडतो ते. नायक चक्रधर आणि त्याला बोटीवर भेटलेली हॅर्टा, दोघांना किती थोडा वेळ मिळाला, हे त्या यादीतून उमगलं आणि अख्खी बैठक त्या एका कागदावर चालली. आणखी एक, प्रत्येकाकडे आवृत्ती वेगळी असते, पानं जुळत नाहीत. परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ शोधण्यात जातो.

महालातून

'धग' आम्ही गेल्या हिवाळ्यात घेतली होती. माझं शिक्षण इथलंच, वऱ्हाडी कानावर आहे, पण जिभेवर नाही. नायिका कौतिकचे संवाद डोळ्यांनी वाचले तेव्हा ती नवऱ्याशी सारखी भांडतेय असंच वाटत होतं. आई अमरावतीकडची. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, म्हणून सहज एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं हात थांबवला. म्हणाली, "असं नाही वाचत बाप्पा. थे चिडून नाही राह्यली, थे थकली हाये." मग तेच वाक्य तिनं म्हटलं. शेवटचा शब्द लांबवला, आवाज खाली आणला. तोवर भांडण वाटत होतं ते विनवणी झालं. पुढचे चार दिवस रोज संध्याकाळी आम्ही पाच-सहा पानं अशीच वाचली. मत वगैरे काही न मांडता मी बैठकीत तेवढं एक पान आईच्या चालीवर वाचलं. बोली असलेली कादंबरी मनातल्या मनात वाचून चर्चेला जाऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे.

रामदासपेठ

प्रश्न काढायची पाळी माझ्याकडे असते. 'महादेव वाईट नवरा आहे का?' असं विचारलं तर पाच मिनिटांत हो-नाही होऊन विषय संपतो. 'कौतिकचा आटापिटा कुठल्या पानापासून तुम्हाला सोसवेना?' असं विचारलं तर प्रत्येकाला पुस्तक उघडावंच लागतं. असे तीनच प्रश्न आठवडाभर आधी पाठवतो. प्रस्तावना आणि परीक्षणं मात्र बैठक झाल्यावरच वाचतो.

काटोलहून नागपुरात आलेला

मला साहित्यातलं बोलता येत नाही म्हणून दोन वर्षं गप्पच बसायचो. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या वेळी ठरवलं, आपल्याला जे कळतं तेवढंच टिपायचं. पाणी, चारा, मेंढरं, कोण कधी गाव सोडतं. शेवटी दुष्काळात ती वाडी ओस पडते. तिथं आलो आणि आमची विहीर आटली त्या वर्षी बाबांनी तोडलेली संत्र्याची झाडं आठवली. बाबांनी कुऱ्हाड गड्याच्या हाती दिली नव्हती, स्वतःच घेतली होती. बैठकीत तेच सांगितलं. मग एका ताईंनी विचारलं, लेखक या शेवटात रडारड का करत नाही? त्यावर आम्ही सगळे तासभर बोललो, मीही.

धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. येत्या खेपेला तीन प्रश्न आधी पाठवते, परिच्छेदाचे पहिले शब्द टिपते. आणि महालातल्या ताई, यंदा तुमच्या आईला घेऊनच या. तुरीच्या शेंगा मी आणून ठेवते, आम्ही सोलू, त्यांनी वाचावं.