रो-हाउसच्या परसात ठेंगणी फळझाडं: कोणती लावू?

अंगणवेडी: नमस्कार मंडळी. पुण्यात रो-हाउस आहे, मागे १० बाय १२ फूट माती. ऊन दुपारी दोनपर्यंत. डोक्याच्या फार वर जाणार नाहीत अशी दोन फळझाडं हवीत. बजेट खतमातीसकट दीड हजार.

कोथरूडकर: डोळे झाकून आम्रपाली आंबा. दशेरी आणि नीलमचा संकर, १९७१ सालचा. बागेत अडीच मीटरवर लावतात, म्हणजे बघा केवढंसं झाड. आमच्या गच्चीत अर्ध्या ड्रममध्ये आहे, दरवर्षी धरतं. मी पाच हजारांचं ठिबक आणि टायमर बसवलाय. तेवढं कराच.

वेंगुर्ल्याचो: आम्रपाली म्हणजे काय आंबो? रत्ना घ्या, आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा. नीलम-हापूस. साका नाही, म्हणजे गर आतून पांढरट स्पंजासारखा होत नाही.

कोथरूडकर: साक्याचं राहू द्या, प्रश्न उंचीचा आहे.

वेंगुर्ल्याचो: उंची कात्री ठरवते.

बागुलबुवा: दोघंही आंब्यावरच अडलात. पेरू लावा. सरदार, म्हणजे एल-४९, इथलाच, गणेशखिंडीतला. पेरूला नव्या फुटीवर फळ येतं, त्यामुळे निर्धास्त छाटा आणि छातीएवढाच ठेवा. आंब्याचं तसं नाही. फळं उतरली की लगेच छाटायचा. दिवाळीच्या सुमारास कात्री लावलीत तर त्या वर्षीचा मोहोर विसरा.

सदाशिवपेठी: आम्रपाली घ्या. (वरचं सगळं वाचलेलं नाही.)

मृणाल_ठाणे: काहीही घ्या, पण कलमाचा जोड बघून घ्या. मला प्रदर्शनात साडेसहाशेला ‘बुटकं लिंबू’ गळ्यात मारलं. जोड कुठेच नाही, चक्क बियाचं रोप! बोटभर काटे आलेत, लिंबू एक नाही. आंब्या-पेरूच्या कलमाला बुंध्याशी वीतभर उंचीवर तिरका जोड दिसतो. लावताना तो मातीच्या वर ठेवा. त्याच्याखालून कोंब आला की लगेच मोडा, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा असतो. ठेवलात तर कलमाला मागे टाकतो.

कोथरूडकर: लिंबाला काटे असणारच.

मृणाल_ठाणे: मी लिंबं नाहीत म्हणतेय.

निवृत्त_नाशिक: दीड हजारात हल्ली काय होतं? आमच्याकडे नुसतं शेणखत तेवढ्याचं लागतं. अर्थात आमची झाडं बावीस.

अंगणवेडी: सगळ्यांचे आभार. रविवारी सासवडला चुलतसासऱ्यांकडे गेलो होतो, येताना अंजिराची दोन रोपं घेऊन आले. दोन्ही मिळून २४० रुपये. मृणालताई, जोड शोधला, पण अंजीर फांदीच्या छाटापासूनच करतात म्हणे.

बागुलबुवा: अंजीर?? पावसाळ्यात तांबेरा रोग येऊन पानं गळतात, बघालच. पेरू सांगितला होता.

अंगणवेडी: पेरूच्या बिया सासूबाईंच्या दातात अडकतात.

बागुलबुवा: आणि अंजिरात काय साबुदाणा असतो?

वेंगुर्ल्याचो: बाराशे उरलेत ना? रत्ना येईल.