‘क्षेपणास्त्र संरक्षण’ म्हणजे कशाचं संरक्षण?

गोदाकाठ, नांदेड
स्पर्धा परीक्षेच्या टिपणांचं भाषांतर चालू आहे. त्यात ओळ आली: ‘क्षेपणास्त्र संरक्षणाला राजकीय विरोध आणि त्याचा निःशस्त्रीकरणावरील परिणाम’. पोरं विचारायलीत, क्षेपणास्त्रं कुणापासून वाचवायची? वनसंरक्षण म्हणजे वनाचं, ग्राहक संरक्षण म्हणजे ग्राहकाचं. मग हे कशाचं? दुसरा शब्द सुचवा.

मांजराथडी, लातूर
पंचमी तत्पुरुष आहे हा, ‘चोरभय’सारखा. क्षेपणास्त्रांपासून संरक्षण. ‘क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा’ लिहा, घोळ मिटला.

उदगीरकर
मिटत नाही, सर. १९७२ च्या क्षेपणास्त्ररोधक करारानं अमेरिका आणि सोव्हिएत संघाला अशी यंत्रणा उभारायला दोन-दोन ठिकाणं दिली, दर ठिकाणी जास्तीत जास्त १०० रोधक, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र वाटेतच पाडणारी क्षेपणास्त्रं. १९७४ ला ते एका ठिकाणावर आणलं. सोव्हिएतांनी मॉस्को राखलं. अमेरिकेनं निवडलं नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स, कारण तिथं तिच्या मिनिटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचे सायलो, म्हणजे ती ठेवायच्या भूमिगत विहिरी होत्या. म्हणजे तिथं क्षेपणास्त्रांचंच संरक्षण! षष्ठीही बरोबर.

मांजराथडी, लातूर
तो अपवाद. आपल्याकडं ज्वारीची राखण म्हणतात, पाखरांची नाही. जे वाचवायचं त्याचंच नाव आधी येतं, म्हणून तर ‘रोधक’ हवं.

खामकाठ
काही जण ‘क्षेपणास्त्र कवच’ लिहितात, मला ते जास्त खटकतं. त्या शब्दात अभेद्यपणा आहे, यंत्रणेत नाही. वातावरणाबाहेर हवेचा अडथळा नसतो, त्यामुळं फसवायला सोडलेला पातळ फुगा आणि जड अण्वस्त्र एकाच वेगानं जातात. खरं कोणतं ते रोधकाला ओळखता आलं पाहिजे. म्हणून एका लक्ष्यावर अनेक रोधक सोडावे लागतात, आणि हल्ला करणारा स्वस्तात फुगे वाढवतो. आणि अमेरिकेकडं अलास्का आणि कॅलिफोर्निया मिळून असे रोधक ४४.
विरोधाचं मूळही इथंच. यंत्रणा अर्धवट असली तरी समोरचा ती पूर्ण चालेल असंच धरतो. आपला प्रतिवार अडेल या धास्तीनं तो अस्त्रं कमी करत नाही.

उदगीरकर
याचा दाखला २००२ चा. १३ जूनला अमेरिका १९७२ च्या करारातून बाहेर, १४ जूनला रशिया स्टार्ट-२ या दोघांमधल्या अण्वस्त्रकपातीच्या करारातून बाहेर. पण स्टार्ट म्हणजे शस्त्रकपात, त्याला निःशस्त्रीकरण म्हणू नका. खऱ्या निःशस्त्रीकरणाची बोलणी १९८६ ला आइसलँडमधल्या रेक्याविकला झाली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह म्हणाले, क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेच्या चाचण्या दहा वर्षं प्रयोगशाळेतच ठेवा. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन मानले नाहीत. ‘प्रयोगशाळा’ या एका शब्दावर सगळं अडलं.

मांजराथडी, लातूर
मुळात ‘निःशस्त्रीकरण’च चूक. हातात धरतात ते शस्त्र, फेकतात ते अस्त्र. हिंदीतलं ‘निरस्त्रीकरण’ जास्त नेमकं आहे.

खामकाठ
नको. आपल्याकडं ‘निरस्त’ म्हणजे रद्द. ‘करार निरस्त झाला’ आणि ‘देश निरस्त्र झाला’ एकाच पानावर आले की पोरं पुन्हा अडकतील. रूढ शब्द मोडू नका.

मांजराथडी, लातूर
रूढ म्हणून चुकीचं शिकवायचं का?

गोदाकाठ, नांदेड
‘संरक्षण’चं काय करू ते सांगा ना कुणी. पान उद्या छपाईला द्यायचंय.

उदगीरकर
मांजराथडी सर, धनुष्य हातात धरतात आणि बाण सोडतात. मग ते शस्त्र की अस्त्र?