बुंददाणे म्हणजे कसले दाणे?

विचारणा:
गिरगावातली आमची खोली रिकामी करताना आजीची वाणसामानाची वही सापडली. दर महिन्याच्या यादीत 'बुंददाणे पाव शेर' आहेच. आधी वाटलं, बुंदीचं काहीतरी असेल. पण त्या यादीत लाडवांपुरतं डाळीचं पीठही नाही. कुणाला ठाऊक आहे का?

प्रतिसाद:
बुंद म्हणजे कॉफीची बी. अरबीत तिला 'बुन्न' म्हणतात, त्याचंच आपल्याकडे बुंद झालं. बुंदीचं नातं हिंदी 'बूंद'शी, म्हणजे थेंबाशी. 'बूंद से गयी वो हौद से नहीं आती' म्हणतो ना, तोच. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हे झुडूप मूळचं इथिओपियातल्या पावसाळी रानांतलं, मोठ्या झाडांच्या सावलीत आपसूक वाढणारं. तिथे अम्हारिक भाषेत आजही कॉफीला 'बुन्ना'च म्हणतात. 'कॉफी' हा शब्द अरबी 'कहवा'वरून, तुर्की आणि युरोपी भाषांमधून फिरत आपल्यापर्यंत आला. कहवा हे पेयाचं नाव, बुन्न हे बीचं. मराठीतही हा भेद होता: भाजायचे ते बुंददाणे, प्यायची ती कॉफी. आता सरसकट 'कॉफी बीन्स' म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'बीन्स' म्हटलं की घेवडा डोळ्यांपुढे येतो, आणि कॉफीला तर शेंगच नसते! ती कदंबाच्या कुळातली. फळ बोराहून लहान, पिकल्यावर लालभडक. पातळ साल, जिभेला जेमतेम लागेल एवढा गोड गर, आणि आत सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया. कधी एकच बी धरते, मग ती गोल होते. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत 'पीबेरी' म्हणून मिळते ती हीच. येमेनमध्ये तर फळाची वाळलेली सालंही उकळून पितात. त्या पेयाचं नाव 'किश्र'.

बुंद, बुंददाणे हे शब्द जुन्या पिढीच्या तोंडी होते. ते खुशाल वापरावेत.

विचारणा करणारी:
मनापासून आभार! आत्ता वही पुन्हा उघडून पाहिली. प्रत्येक यादीत बुंददाण्यांच्या खालच्याच ओळीत 'जायफळ १' आहे. आजीच्या कॉफीचा वास आठवला.